‘हाच चालेल’ म्हणालो आणि गिऱ्हाईक गेलं: कूलिंग सिस्टिमसाठी होज क्लॅम्प कसा निवडायचा, कसा विकायचा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी काउंटरवर वेगवेगळे क्लॅम्प मांडून दाखवले. व्हिडिओत सगळं मावत नाही, म्हणून माप, मटेरियल आणि स्टॉकचा हिशेब इथे सविस्तर लिहितोय. तुम्ही स्पेअर पार्ट्सचं दुकान टाकणार असाल, गॅरेज सुरू करणार असाल, तर हे नीट वाचा. वेगळा धंदा असला तरी वाचा, कारण गोष्ट क्लॅम्पची असली तरी चूक कुठल्याही काउंटरवर होते.

आधी माझी चूक सांगतो.

एका शब्दाची किंमत

वसई पूर्वेला दुकान टाकून पहिलंच वर्ष होतं. शाळेच्या पोरांची व्हॅन चालवणारे एक काका आले. रेडिएटरच्या पाइपचा क्लॅम्प सडला होता. पाइपवर मोजलं तर बाहेरचं माप ४२ मिमी. त्याला ३२–५० चा क्लॅम्प लागतो. तो संपला होता. माझ्याकडे ४०–६० चा होता. मी म्हणालो, “काका, हाच चालेल.” पंधरा रुपये घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

तीन आठवड्यांनी रविवारी काका नातेवाइकांना विमानतळावर सोडायला निघाले. हायवेवर वर्सोवा पुलाच्या अलीकडे नेहमीसारखं ट्रॅफिक. गाडी इंच इंच सरकत होती, इंजिन तापत होतं आणि पाइप निसटला. कूलंट रस्त्यावर. पुढे थोडं अंतर तशीच गाडी रेटली आणि हेड गॅस्केट गेलं. बिल अकरा हजार. व्हॅन पाच दिवस बंद. त्या पाच दिवसांत तीन पोरांच्या आईवडिलांनी दुसरी व्हॅन लावली.

काकांनी येऊन तो क्लॅम्प काउंटरवर ठेवला. आणि मी काय म्हणालो? “काका, फिटिंगमध्ये गडबड झाली असणार.” ते भांडले नाहीत. “तू दिलास, मी लावला,” एवढंच म्हणाले आणि गेले.

रात्री दुकान बंद करताना तो क्लॅम्प हातात घेतला. पट्टी जवळपास शेवटपर्यंत आवळलेली, शेपूट दोन बोटं बाहेर, आणि आकार गोल नाही, अंड्यासारखा. फिटिंगची चूक नव्हती. माप माझं चुकलं होतं, आणि ते मला विकतानाच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन अर्धं बिल भरून आलो. काका परत गिऱ्हाईक झाले, पण त्याला दोन वर्षं लागली. ती तीन पोरं मात्र त्यांच्या व्हॅनला परत आली नाहीत. त्याची भरपाई मी करू शकलो नाही.

म्हणून सांगतो, दुकानदाराच्या तोंडचा सगळ्यात महाग शब्द म्हणजे “चालेल”.

एवढीशी पट्टी करते काय?

चालू इंजिनमधलं कूलंट साधारण ९० अंशांच्या आसपास असतं. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं. बऱ्याच गाड्यांत तो ०.९ ते १.१ बार असतो. म्हणजे दर चौरस इंचाला साधारण साडेसहा किलो. या दाबामुळे फायदा असा की साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. पण एका जोडातून गळती झाली की दाब पडतो, दाब पडला की पाणी लवकर उकळतं, आणि मग उरलंसुरलंही बाहेर येतं.

अजून एक गोष्ट गिऱ्हाइकाला जरूर सांगा. कूलंट पूर्ण निघून गेलं की टेम्परेचरचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खरं तापमान दाखवेलच असं नाही. “काटा वर नव्हता म्हणून चालवत राहिलो” हे वाक्य गॅरेजवाले पुष्कळदा ऐकतात.

चार प्रकार ओळखा

*वर्म ड्राइव्ह क्लॅम्प.* आपल्याकडे मेकॅनिक याला ज्युबिली क्लिप किंवा नुसतं क्लिप म्हणतात. स्क्रू फिरवला की पट्टी आवळते. या नावामागे एक छोटा उद्योजक आहे बरं का. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले लम्ली रॉबिन्सन यांनी १९२१ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि ‘ज्युबिली’ या नावाने ती विकली. एवढीशी वस्तू, पण ब्रँड असा रुजला की वस्तूचंच नाव झालं. “माझा माल फार छोटा आहे” असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

*स्प्रिंग क्लॅम्प.* कंपनीतून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांवर हाच असतो. रबर गरम झालं की फुगतं, गार झालं की आकसतं. स्प्रिंग क्लॅम्प त्याच्याबरोबर उघडतो आणि मिटतो, पकड कायम ठेवतो. वर्म ड्राइव्ह एकदा आवळला की तिथेच थांबतो, म्हणून काही गाड्या सकाळी गार असताना ठिबकतात आणि गरम झाल्यावर बंद होतात. आपल्याकडे पाइप काढला की स्प्रिंग क्लॅम्प फेकून देण्याची सवय आहे. तो गंजलेला किंवा सैल नसेल तर जुन्याच ठशावर परत बसवा. मात्र याचं माप नेमकं लागतं, मागेपुढे चालत नाही.

*कानवाला क्लॅम्प.* पक्कडीने कान दाबून बसवायचा. एकदाच वापरायचा, काढायचा तर कापावा लागतो. बारीक पाइपांना चांगला.

*टी-बोल्ट क्लॅम्प.* रुंद पट्टी, नट-बोल्टची पकड. टर्बोच्या हवेचे पाइप, ट्रक, मोठी इंजिनं यांच्यासाठी. साध्या कारच्या हीटर पाइपला हा विकू नका. जास्त दणकट म्हणजे जास्त योग्य असं नसतं.

माप घेताना लोक इथे चुकतात

पाइपचं आतलं माप घेऊ नका. पाइप नळीवर चढवा आणि मग बाहेरून व्यास मोजा. व्हर्नियर नसेल तर दोरा गुंडाळा, लांबी मोजा, ३.१४ ने भागा.

आता ते माप क्लॅम्पच्या रेंजच्या मधोमध येऊ द्या. ४२ मिमीला ३२–५० चांगला, कारण मध्य ४१ आहे. ४०–६० मध्ये ४२ “बसतं”, पण अगदी काठावर. तिथे पट्टी गोल राहत नाही, स्क्रूच्या घराखाली दाब कमी पडतो, आणि बाहेर आलेली शेपूट हात किंवा शेजारचा पाइप कापते. माझं पाप हेच होतं.

पट्टीही बघा. आरपार खाचा असलेल्या पट्टीत मऊ रबर घुसतं आणि कापलं जातं. खाचा नुसत्या उमटवलेल्या आणि कडा वळवलेल्या असतील तर पाइप जास्त जगतो. सिलिकॉनचा पाइप असेल तर आतून सपाट अस्तर असलेलाच क्लॅम्प द्या.

वसई-विरारमध्ये मटेरियलचा प्रश्न वेगळा

आपण खाडी आणि समुद्राच्या मध्ये राहतो. हवेत मीठ, चार महिने पाऊस, रस्त्यावर तळी. साधा झिंक चढवलेला क्लॅम्प कोरड्या गावात जितका टिकतो तितका इथे टिकत नाही.

युरोपच्या पद्धतीत याला खुणा आहेत. डब्ल्यू१ म्हणजे सगळं साधं लोखंड, वर झिंक. डब्ल्यू२ म्हणजे पट्टी आणि घर स्टेनलेस, पण स्क्रू झिंकचा. डब्ल्यू४ म्हणजे सगळंच स्टेनलेस. बाजारात “पूर्ण एसएस आहे भाऊ” म्हणून डब्ल्यू२ गळ्यात मारला जातो. मीही घेतला होता.

लोहचुंबक लावून बघतात, पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. काही प्रकारच्या खऱ्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटतं, आणि काही हलक्या प्रतीच्या स्टेनलेसला चिकटत नाही. माझी पद्धत सोपी आहे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून बाटलीभर पाणी आणतो. नवीन सप्लायरचे दोन-दोन नग त्यात दोन दिवस बुडवतो, मग काढून आठवडाभर उघड्यावर ठेवतो. ज्याचा स्क्रू लाल होतो, तो “एसएस”च्या भावाने घेत नाही. हा प्रयोग फुकटचा आहे, आणि सप्लायरशी बोलताना नुसते शब्द नाही, नमुना समोर ठेवता येतो.

बसवताना काय सांगायचं

क्लॅम्प विकताना ही पाच वाक्यं सोबत द्या:

१. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.
२. नळीवरचा जुना थर साफ करा. पाइप चढवायला ऑइल किंवा ग्रीस लावू नका. हे पाइप बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात आणि ऑइलने फुगतात. साबणाचं पाणी किंवा कूलंट लावा.
३. क्लॅम्प नळीच्या उंचवट्याच्या मागे बसवा, उंचवट्यावर नाही. पाइपच्या टोकापासून साधारण ३ ते ६ मिमी आत ठेवा.
४. जीव खाऊन आवळू नका. आता बऱ्याच रेडिएटरच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात, नळीला तडा जातो. स्क्रू ड्रायव्हरपेक्षा गोटीचा पाना बरा, तो सटकत नाही.
५. गाडी एकदा गरम करून पूर्ण गार होऊ द्या, मग परत तपासा. पाइप कडक, चिरलेला किंवा फुगलेला असेल तर क्लॅम्प बदलून उपयोग नाही, पाइप बदला.

आता धंद्याचं गणित

उदाहरण धरा. हलका क्लॅम्प ९ ला घेतला, १५ ला विकला: सुटले ६. चांगला क्लॅम्प २८ ला घेतला, ४५ ला विकला: सुटले १७. काकांच्या बिलातले माझे साडेपाच हजार भरून काढायला सहा रुपयांच्या नफ्याचे नऊशेहून जास्त क्लॅम्प विकावे लागले असते. आकडा कागदावर लिहिला तेव्हा डोकं ताळ्यावर आलं.

पण भांडवल कमी असताना सगळंच भरू नका. आधी मोजा. मी एक महिना वहीत दोन रकाने केले: “मागितला आणि दिला” आणि “मागितला आणि नव्हता”. दुसरा रकाना खरा गुरू. त्यातून कळलं की माझी बहुतेक मागणी चार-पाच मापांतच फिरते. ती मापं कधीच संपू द्यायची नाहीत. डब्यात दहा नग उरले की ऑर्डर. बाकीची दोन-दोन नग पुरे.

दोन प्रती ठेवा, पण दोन वेगळ्या डब्यांत, आणि गिऱ्हाइकाला फरक तोंडाने सांगा. “हा स्वस्त आहे, पावसाळ्यानंतर बघावा लागेल. हा महाग आहे, गंजणार नाही.” निर्णय त्याचा. आणि माप नसेल तर शेजारच्या दुकानाचा पत्ता द्या. हो, स्पर्धकाचा! पंचेचाळीस रुपये जातील, माणूस राहील.

आजचं काम

तुमच्या दुकानात किंवा ठरवलेल्या धंद्यात अशा तीन वस्तू लिहून काढा, ज्यांची किंमत पन्नास रुपयांच्या आत आहे, पण त्या चुकल्या तर गिऱ्हाइकाचं नुकसान हजारांत जाईल. त्यांच्यासमोर लिहा: योग्य माप कसं ओळखायचं आणि नसेल तेव्हा काय उत्तर द्यायचं.

तो अंड्यासारखा वाकलेला क्लॅम्प माझ्या गल्ल्याच्या वर खिळ्याला टांगलेला आहे. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला तो दाखवतो आणि सांगतो, “माल नसेल तर नाही म्हण. चालेल म्हणू नको.”

भेटू पुढच्या आठवड्यात. धंदा करा, मोजून करा!