जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीन चर्चचे अवशेष : एका अस्थीच्या ओळखीचा प्रश्न

जुन्या गोव्यातील 'मोंते सांतो' या टेकडीवर जांभ्या दगडाचा सुमारे 46 मीटर उंचीचा एक भग्न मनोरा उभा आहे. 'नोस्सा सेन्योरा द ग्रासा' या नावाने बांधलेल्या व पुढे संत ऑगस्टीनचे चर्च म्हणून प्रसिद्धी पावलेल्या वास्तूच्या चार मनोऱ्यांपैकी तेवढा एकच आता अंशतः शिल्लक आहे.

ऑगस्टिनियन संन्यासी 1572 मध्ये गोव्यात आले. प्रस्तुत चर्चचे बांधकाम 1597 ते 1602 या काळात झाले. लगतच मठ व त्याचे सभागृह होते. भिंतींवरील चकाकीदार चित्रित फरशांचे तुकडे आजही तेथे आढळतात. 1835 मध्ये पोर्तुगीज शासनाने धर्मसंघ बरखास्त केल्यावर वास्तू ओस पडली आणि 1842 मध्ये कमानदार छत कोसळले. छत नाहीसे झाले म्हणजे पावसाचे पाणी भिंतींच्या गाभ्यात उतरते, सांध्यांतील चुना धुपतो व झाडांची मुळे दगड विलग करतात. 1931 मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. येथील मोठी घंटा मात्र पणजीच्या चर्चमध्ये सुरक्षित राहिली.

या अवशेषांना विशेष महत्त्व आले ते जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान हिच्यामुळे. धर्मांतरास नकार दिल्याबद्दल इराणचा शाह पहिला अब्बास याच्या आज्ञेवरून 1624 मध्ये शिराझ येथे तिचा छळ करून वध करण्यात आला. ऑगस्टिनियन संन्याशांनी तिच्या अस्थींपैकी काही 1627 मध्ये गोव्यास आणल्या व मठाच्या सभागृहात दुसऱ्या खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवल्या, असे पोर्तुगीज लेखांवरून कळते. जॉर्जियात ती संत मानली जाते. त्यामुळे या अस्थींचा शोध हा केवळ अभ्यासकांचा विषय नव्हता.

1989 पासून चाललेल्या प्रयत्नांनंतर 2004 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यास त्या खिडकीच्या परिसरात हाताच्या अस्थीचा तुकडा मिळाला. तथापि सभागृहात इतरही अस्थी होत्या. तेव्हा केवळ स्थानावरून ओळख निश्चित करणे युक्त नव्हते.

हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने या अस्थींतील मातृवंशीय डीएनए तपासला. पेशीत त्याच्या प्रती विपुल असल्याने जीर्ण अस्थींतही तो टिकण्याचा संभव अधिक असतो. संशोधनाचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. उक्त अस्थीत 'यू1बी' हा गट आढळला. भारतीय उपखंडातील 22,000 हून अधिक नमुन्यांत तो नव्हता. जॉर्जियातील 30 नमुन्यांपैकी 2 नमुन्यांत मात्र होता. शेजारच्या दोन अस्थींचे गट भारतात आढळणारे निघाले.

येथे पुराव्याची मर्यादा ध्यानात घेणे अवश्य आहे. मातृवंशीय गट व्यक्तीचे नाव सांगत नाही. तो केवळ तिच्या मातृकुलाची दिशा दर्शवितो. उलटपक्षी, लेख स्थान सांगतात, परंतु त्या स्थानी सापडलेली अस्थी कोणाची हे सिद्ध करीत नाहीत. लेख, उत्खनन व जीवशास्त्र ही तिन्ही साधने परस्परांपासून स्वतंत्रपणे एकाच व्यक्तीकडे निर्देश करतात, यातच या निष्कर्षाचे बळ आहे.

2021 च्या जुलैमध्ये या अवशेषांचा एक भाग भारताने तिबिलिसी येथे जॉर्जियास अर्पण केला. ज्या सभागृहात तो सुमारे चार शतके राहिला, त्याच्या भिंती जुन्या गोव्यात आजही पावसाला तोंड देत आहेत.