किल्लारीत एक दिवस: भूकंपानंतर गाव पुन्हा कसं उभं राहतं?

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचं विसर्जन करून लोक उशिरा घरी येऊन झोपले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. सुमारे ८ हजार माणसं गेली. ५२ गावं पुन्हा वेगळ्या जागी वसवावी लागली.

ही पुन्हा वसलेली गावं आज प्रत्यक्ष पाहता येतात. लातूरहून औसा, लामजना या रस्त्याने किल्लारी साधारण ४०-४५ किलोमीटरवर आहे. एका दिवसात जुनं आणि नवं, दोन्ही किल्लारी बघून होतात.

सकाळ: जुनं गाव

सुरुवात जुन्या गावठाणापासून करावी. कधीकाळी इथे दाट वस्ती, वाडे आणि अरुंद बोळ होते. आता आहेत ते दगडांचे ढीग आणि मधूनमधून उगवलेली झुडपं. भूकंपात गेलेल्यांचा स्मृतिस्तंभ इथे आहे आणि दरवर्षी ३० सप्टेंबरला लोक श्रद्धांजली वाहायला जमतात. ज्यांच्या घरातलं कुणी गेलं, असे लोक अजून या परिसरात राहतात. त्यामुळे इथे सेल्फी न काढलेलाच बरा.

मध्यम तीव्रतेच्या भूकंपात एवढी माणसं का गेली?

एक कारण म्हणजे वेळ. सगळे गाढ झोपेत होते. दुसरं कारण म्हणजे भूकंपाचं केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं. पण सगळ्यात मोठं कारण घरांच्या बांधणीत होतं.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या असत. बाहेरून त्या भक्कम दिसत. प्रत्यक्षात ते दगडांचे दोन वेगळे थर असत आणि मधे माती-दगडाची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच घातलेले असत. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राही, पण छताचं वजन प्रचंड असे. जमीन हलली तेव्हा भिंतीचे थर सुटे झाले आणि दगड-माती झोपलेल्या माणसांवर आली.

शिवाय इथे एवढा मोठा भूकंप होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. नकाशावर हा भाग सर्वात कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. खरं तर १९९२ मध्येच किल्लारीला लहान धक्के बसले होते. २००२ मध्ये नकाशा सुधारला, पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला.

दुपार: नवं गाव

नव्या किल्लारीत शिरलं की फरक लगेच कळतो. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, सुटी सुटी घरं. जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला. अनेक गावं सेवाभावी संस्थांनी बांधून दिली.

घर किती मोठं मिळणार, हे जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत शेती असलेल्यांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून जास्त शेती असलेल्यांना ७५० चौरस फूट.

हिशोब सोपा होता, पण जगणं त्यात नीट बसलं नाही. बऱ्याच ठिकाणी एका आकाराची घरं एका बाजूला आली आणि जुने शेजारी, भावकी लांब गेली. गुरं कुठे बांधायची, कडबा आणि धान्य कुठे ठेवायचं, याला जागा अपुरी पडली. मग लोकांनी पत्र्याचे शेड, पडव्या, जादा खोल्या स्वतःच जोडल्या. गावातून चालताना कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून वाढवलेला, हे सहज ओळखू येतं.

काळजीची गोष्ट इथेच आहे. मूळ घर भूकंपरोधक असलं तरी शेजारची वाढीव खोली तशी असेलच असं नाही.

जी गावं हलली नाहीत त्यांचं काय?

बाकीच्या हजाराहून अधिक गावांत जुनी घरंच दुरुस्त आणि मजबूत करण्यात आली. पैसे टप्प्याटप्प्याने घरमालकाला मिळत आणि काम तो स्वतः करून घेई. इथे गावातल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना तयार केलं. भिंतीत आरपार दगड का हवेत, पट्टी कशी घालायची, हे त्या घरोघरी समजावत. पुढे २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये घरमालकानेच घर बांधायची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

हा प्रश्न फक्त लातूरचा नाही

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला लोणी-धामणीचा कोरडवाहू पट्टा आहे आणि पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात माळीण. ३० जुलै २०१४ ला दरड कोसळून माळीणमध्ये १५१ जणांचा जीव गेला. २०१७ मध्ये जवळच्या आमडे इथे नवं गाव उभं राहिलं. किल्लारीत पडलेले प्रश्न तिथेही आहेत: गोठा कुठे, शेत किती लांब, कुटुंब वाढल्यावर खोली कशी बांधायची?

सरकारचं काम घराची किल्ली दिली की संपतं. त्यानंतरची खोली मात्र घरमालक आणि गवंडी मिळून बांधतात. म्हणून घर वाढवताना गवंड्याला एवढं तरी विचारावं: दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना धरून ठेवणारी सलग काँक्रीटची पट्टी घालणार आहात का? किल्लारीतल्या बहुतेक घरांत ती नव्हती.