पाव, पेला आणि पाळकसाहेब

वसईतल्या एका लग्नातली गोष्ट. मुलगी तिथलीच कॅथलिक, मुलगा नगरकडचा, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे सीएनआय या प्रोटेस्टंट मंडळीतला. मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, रंगली होती. कम्युनियनची वेळ झाली तशा मुलीकडच्या रांगा उठून वेदीकडे सरकल्या. मुलाची आईही सवयीने अर्धी उठली, तेवढ्यात शेजारणीने पदर ओढला, "मावशी, इथं आपल्याला नाही घेता येत." बाई बसल्या. आयुष्यभर प्रभुभोजन घेतलेली बाई, तिचं अडलं ते एका पातळ पांढऱ्या चकतीपाशी.

त्याला कारण आहे. मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस खरोखरच ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, ही कॅथलिक श्रद्धा. म्हणून उरलेली भाकर कुलपाच्या पेटीत राहते आणि पेटीजवळ अखंड दिवा. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत मात्र प्रभुभोजन हे मुख्यतः स्मरण. तिथे पावाचे तुकडे आणि इवल्या पेल्यांतला द्राक्षांचा रस चालतो. ऑर्थोडॉक्सांचा पाव आंबवलेल्या पिठाचा, रोमचा बिनखमिराचा. १०५४ मध्ये हे दोघे वेगळे झाले, त्या फाटाफुटीत खमीर हाही एक मुद्दा होता. हसू नये, आपल्याकडे गंध उभं की आडवं यावरून काय कमी भांडणं झाली?

१८८२ मध्ये मुंबईत उतरलेल्या मुक्तिफौजेने, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मीने, तर हा प्रश्नच निकालात काढला. तिच्यात प्रभुभोजन नाही, बाप्तिस्माही नाही. गणवेश, झेंडा, बँड आहे आणि पाळकाच्या जागी कॅप्टन किंवा मेजर.

बाप्तिस्म्याचा गुंता याहून मोठा. अँग्लिकन तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालतात. बाप्टिस्ट म्हणतात, आधी कळतं वय येऊ द्या, मग पाण्यात पूर्ण बुडवा. डहाणूकडे काम केलेले ब्रेदरन तर तीनदा बुडवत. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली, तेव्हा हे सगळे एका छपराखाली आले. तोड अशी निघाली की तान्हेपणीचा बाप्तिस्मा आणि कळत्या वयातला, दोन्ही पद्धती मान्य, घराने आपली निवडावी. मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट मात्र ऐन वेळी बाहेर राहिले.

कारभाराचं काय? नगरला १८३१ पासून असलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल वळणाचं. तिथे मंडळीच आपला पाळक ठरवी, बिशप ही भानगडच नव्हती. सीएनआयमध्ये बिशप आले, पण मंडळीचा कारभार पाहणारी पास्टरेट कमिटीही राहिली, आणि कमिटीची निवडणूक ग्रामपंचायतीच्या तोडीची असते हे कुणीही नगरकर सांगेल. कॅथलिकांत बिशप रोमहून नेमले जातात, फादरची बदली बिशप करतात. फादर अविवाहित, पाळकसाहेबांच्या घरी पाळकीणबाई असतात, आणि आता काही ठिकाणी पाळक स्वतःच बाई असतात.

भाषेत प्रोटेस्टंट पुढे होते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं मराठीत गायली जात होती, त्या काळी वसईत मिस्सा लॅटिनमध्ये चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला दार उघडलं, आणि पुढे फादरही वेदीमागून लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले.

त्या लग्नासाठी बिशपांची परवानगी काढावी लागली होती. मुलाला पुन्हा बाप्तिस्मा मात्र कुणी मागितला नाही, कारण सीएनआयमधला त्याचा बाप्तिस्मा कॅथलिकांना चालतो. तो मुक्तिफौजेत वाढलेला आणि बाप्तिस्मा न झालेला असता, तर परवानगीचा कागदच वेगळा लागला असता: बाप्तिस्मा न झालेल्या हिंदू किंवा मुसलमान मुलासाठी लागतो तोच.