औषधांचं दुकान उठतं, भाडेकरार उरतो
राइट एड या अमेरिकी औषध-दुकानांच्या साखळीने ऑक्टोबर 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिची दोन हजारांहून जास्त दुकानं चालू होती. 2024 मध्ये ती सावरल्यासारखी वाटली. मे 2025 मध्ये पुन्हा कोर्टात गेली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शेवटच्या दुकानांनाही टाळं लागलं. पेनसिल्व्हेनियात 1962 साली सुरू झालेल्या व्यवसायाचा हा शेवट. पण एवढी दुकानं बंद झाली म्हणून तेवढे कोपरे ओस पडले असं झालं नाही. त्यांपैकी काही ठिकाणी नवी पाटी लागली, आणि शहरी वस्त्यांमध्ये ती पाटी अनेकदा डॉलर स्टोअरची, म्हणजे स्वस्त वस्तूंच्या साखळी दुकानाची असते. बघणाऱ्याला वाटतं, स्वस्त दुकानाने औषधाचं दुकान गिळलं. प्रत्यक्षात या दोघांची गाठ पडते ती कोर्टात, एका भाडेकराराच्या लिलावात.

आधी जागा कशी असते ते बघू. आपल्याकडचं मेडिकल म्हणजे रस्त्यावर उघडणारा गाळा, समोर काउंटर, मागे कपाटं. अमेरिकेतलं साखळी दुकान साधारण दहा ते पंधरा हजार चौरस फुटांचं असतं. औषधांचा काउंटर मुद्दाम अगदी मागच्या भिंतीला. औषध घ्यायला आलेला माणूस चॉकलेटं, शुभेच्छापत्रं, शांपू आणि थंड पेयांच्या रांगांमधून जावा आणि जाता-येता दोन वस्तू उचलाव्या, हा हिशेब. 1990 च्या दशकात वॉलग्रीन्स या औषध-दुकानांच्या साखळीने बाजार-संकुलांमधली दुकानं सोडून सिग्नलच्या कोपऱ्यावर स्वतंत्र इमारती घ्यायला सुरुवात केली. स्वतःचं पार्किंग, आणि गाडीतून न उतरता औषध घेता येईल अशी बाजूची खिडकी. इतर साखळ्यांनीही तोच कित्ता गिरवला. परिणामी देशभरातले हजारो मोक्याचे कोपरे एकाच साच्याच्या इमारतींनी भरले. पुढच्या गोष्टीत हा साचा फार कामाचा ठरतो.

दुकानं बुडाली का? मुख्य कमाई औषधांतून, आणि औषधाचा भाव दुकानदाराच्या हातात नाही. रुग्ण थोडी रक्कम देतो, बाकीची विम्याकडून येते, आणि ती किती द्यायची हे फार्मसी बेनिफिट मॅनेजर नावाचे मध्यस्थ ठरवतात. केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तिघांच्या हातून देशातली सुमारे 80 टक्के प्रिस्क्रिप्शन्स जातात. काही औषधांवर दुकानाला खरेदीची किंमतही सुटत नाही. शांपू-चॉकलेटांचं गिऱ्हाईक ॲमेझॉन आणि वॉलमार्टने नेलं. शिवाय राइट एडच्या डोक्यावर मोठं कर्ज आणि ओपिऑइड या वेदनाशामक गोळ्यांच्या विक्रीवरून झालेले खटले. दिवाळखोरी न काढलेल्यांचीही तीच दिशा आहे. सीव्हीएस या साखळीने 2021 मध्ये 900 दुकानं बंद करायचं जाहीर केलं, वॉलग्रीन्सने 2024 मध्ये 1,200. वरच्या तीन मध्यस्थांपैकी केअरमार्क ही सीव्हीएसच्याच मालकीची. म्हणजे दुकानाला कमी पैसे देणारा आणि दुकान चालवणारा एकाच छपराखाली, आणि तरीही दुकानं बंद. यावर काय बोलावं?

आता खरी प्रक्रिया. दुकान बंद होताना तीन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी जातात. पहिली, रुग्णांच्या प्रिस्क्रिप्शनच्या नोंदी. कोणाचं रक्तदाबाचं औषध चालू आहे, किती वेळा पुन्हा भरून द्यायचं बाकी आहे, याची ही फाइल प्रतिस्पर्धी दुकान विकत घेतं. 2025 मध्ये सीव्हीएसने राइट एडच्या 625 फार्मसींच्या नोंदी अशाच घ्यायचं ठरवलं. घरी पत्र येतं की यापुढे तुमचं औषध अमुक पत्त्यावर मिळेल. गाडी असलेल्याला त्याचं काही वाटत नाही. बसने जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वाटतं. दुसरी गोष्ट, माल. तो सवलतीत फुंकून टाकतात. तिसरी आणि इथे महत्त्वाची गोष्ट म्हणजे भाडेकरार.

या साखळ्यांच्या बहुतेक जागा भाड्याच्या. करार लांब मुदतीचे, वीस-पंचवीस वर्षांचेही, आणि अनेकदा मालमत्ता कर, विमा, दुरुस्ती हे सगळं भाडेकरूकडे. दिवाळखोरीच्या कायद्यातलं अकरावं प्रकरण कंपनीला प्रत्येक कराराबाबत निवड देतं: करार ठेवायचा, सोडून द्यायचा, किंवा तिसऱ्याला विकायचा. निर्णयासाठी 120 दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर 210. सोडून दिला तर मालक उरलेली सगळी वर्षं भाडं मागू शकत नाही. एका वर्षाचं भाडं, किंवा उरलेल्या मुदतीच्या 15 टक्के (कमाल तीन वर्षांपर्यंत), यांतलं जे जास्त असेल तेवढाच त्याचा दावा. शिवाय तो तारण नसलेल्या धनकोंच्या रांगेत, म्हणजे रुपयाला चार-दोन आणे हाती लागले तरी नशीब.

विकायचा ठरला तर लिलाव. जुना करार दहा वर्षांपूर्वीच्या भावाचा असेल आणि आज त्या कोपऱ्याचं भाडं वाढलेलं असेल, तर त्या फरकालाच किंमत येते. मुंबईकरांनी पागडी आठवावी: जागा मालकाची, पण विकला जातो तो तिथे बसण्याचा हक्क. फरक एवढाच की पागडीत मालकाला हिस्सा मिळतो, इथे पैसा धनकोंकडे जातो. करारात ‘मालकाच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही’ असं लिहिलेलं असलं तरी दिवाळखोरी कोर्ट ते सहसा बाजूला ठेवतं. थकबाकी चुकती करायची आणि पुढे भाडं भरण्याची ऐपत दाखवायची, एवढ्यावर नवा भाडेकरू आत. बाजार-संकुलातल्या मालकाला आक्षेपाला थोडी जास्त जागा असते. सुट्या कोपऱ्यावरच्या मालकाला ती नाही.

या लिलावात हजारो दुकानांची साखळी सहज उतरते, कारण ऐपत तिच्या ताळेबंदावरच दिसते. 2024 मध्ये कॅलिफोर्निया, टेक्सास भागातली ‘99 सेंट्स ओन्ली’ ही साखळी बुडाली, तेव्हा तिच्या 170 जागांच्या करारांचे हक्क डॉलर ट्रीने असेच घेतले. मरणारं दुकान कोणत्या धंद्याचं आहे, याच्याशी या यंत्रणेला देणंघेणं नसतं. दिवाळखोरी नसते तिथे वाट हळूची. वॉलग्रीन्ससारखी कंपनी दुकान बंद करते पण करार संपेपर्यंत भाडं भरत राहते, आणि दरम्यान पोटभाडेकरू शोधते. काचांना कागद लावलेलं दुकान दोन-दोन वर्षं तसंच उभं दिसतं ते यामुळे.

तरी डॉलर स्टोअरच का? इथे तो साचा कामाला येतो. डॉलर जनरल, डॉलर ट्री, फॅमिली डॉलर यांना साधारण आठ ते बारा हजार चौरस फूट पुरतात. सुपरमार्केटला ही जागा लहान, एकट्या दुकानदाराला फार मोठी. महापालिकेच्या दप्तरी दोन्ही वापर ‘किरकोळ विक्री’, त्यामुळे सुनावण्या नाहीत, बहुतेक ठिकाणी नुसती दुरुस्तीची परवानगी. भिंतीला लागून काचेच्या दारांची शीतकपाटं आधीच असतात, त्यांची वीज आणि पाण्याचा निचरा जागेवर.

आत गेलं तर जुन्या दुकानाच्या खुणा ओळखता येतात. औषधांचा काउंटर सगळ्या दुकानावर नजर राहावी म्हणून पायरीभर उंच असे; तो चौथरा फोडून तिथे मालखोली होते. नशेच्या गोळ्यांची तिजोरी आणि औषध मिसळायचं बेसिन निघतं. गाडीवाल्यांची खिडकी विटांनी बुजवतात. नव्या विटांचा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा ताजा दिसतो, आणि तिकडे जाणारी बाणांची पांढरी रंगरेषा डांबरावर तशीच राहते. दर्शनी भिंतीवरची अक्षरं काढली की त्यांच्या मागचा रंग उन्हापासून वाचलेला असतो, म्हणून नव्या पाटीच्या कडेने जुनं नाव वाचता येतं. मालखोली लहान पडली की चाकांचे जाळीदार पिंजरे रांगांमध्येच उभे राहतात. असल्या अडलेल्या वाटांबद्दल डॉलर जनरलने 2024 मध्ये अमेरिकी श्रम खात्याशी 1 कोटी 20 लाख डॉलरची तडजोड केली. एका वेळी दोन-तीन माणसांवर दुकान चालवायचं म्हटलं की माल आत लावायला हात कुठून आणणार?

वस्तीला काय मिळतं? साबण, डायपर, पाव, दूध, तापाच्या गोळ्या, सरकारी अन्न-कार्डावर खरेदी, आणि चालत जाण्याच्या अंतरावर. हे कमी लेखू नये. पाकिटं लहान असतात, त्यामुळे हातातून कमी पैसे जातात, पण वजनाच्या हिशेबाने वस्तू अनेकदा महाग पडते. ताजी भाजी थोडी किंवा नाहीच. आणि फार्मासिस्ट नसतो. लस टोचणारा, दोन औषधं एकत्र घेऊ नका म्हणून बजावणारा माणूस गेलेला असतो. 2010 ते 2020 या काळात अमेरिकेत चालू असलेल्या फार्मसींपैकी सुमारे 29 टक्के 2021 पर्यंत बंद झाल्या होत्या, आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो वस्त्यांना त्याची झळ जास्त लागली.

काही शहरांनी नियम केले. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात नगरसेविका व्हॅनेसा हॉल-हार्पर यांच्या पाठपुराव्याने 2018 मध्ये उत्तर भागासाठी ठराव झाला: दोन डॉलर स्टोअरमध्ये निदान एक मैल अंतर हवं. हेतू किराणा दुकानाला जागा राहावी हा. माझ्या मते असा नियम घाऊक शिरकाव रोखतो, पण त्याने औषधाचं दुकान परत येत नाही, कारण ते विम्याच्या हिशेबात मेलेलं असतं, कोपऱ्यावरच्या स्पर्धेत नाही. डॉलर स्टोअरचाही पाय तसा पक्का नाही. डॉलर ट्रीने 2015 मध्ये फॅमिली डॉलर घेतली तेव्हा आठ अब्ज डॉलरहून जास्त मोजले होते. 2025 मध्ये ती साखळी सुमारे एक अब्जाला विकली, आणि मध्ये शेकडो दुकानं बंद केली.

म्हणजे हे कोपरे पुन्हा मोकळे होतील. तेव्हा एखाद्या स्वतंत्र फार्मासिस्टने, मग तो न्यू जर्सीतला एखादा मराठी माणूसही असेल, तिथे दुकान थाटायचं मनात आणलं, तर त्याने भाड्याच्या आकड्याआधी जागेचे जुने कागद वाचावेत. औषधांच्या साखळ्या इमारत विकताना ‘इथे पुढे फार्मसी चालवायची नाही’ अशी अट अनेकदा घालून ठेवतात. साबण, मेणबत्त्या, खेळणी विकायला त्या अटीची आडकाठी नसते.