कडवंचीची तीन दशके: पाणी अडले, पुढे काय?

जालना तालुक्यातले कडवंची हे गाव गेली अनेक वर्षे मराठवाड्यातल्या दुष्काळाच्या चर्चेत उदाहरण म्हणून पुढे येते. १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून तिथे सुमारे १,९०० हेक्टरवर माथा ते पायथा कामे झाली. आधी उतारावर सलग समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यांवर नालाबांध. कृषितज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली मराठवाडा शेती सहाय्य मंडळ आणि त्याचे खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र या कामामागे उभे राहिले. कोरडवाहू पिकांवर जगणाऱ्या या गावात नंतर द्राक्षबागा आल्या, आणि २०१२च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागांचे सरपण होत असताना कडवंचीच्या बागा तगल्या. याचे श्रेय सहसा चरांना आणि शेततळ्यांना दिले जाते. मला ते अपुरे वाटते. गावाला तगवले ते लोकांनी एकत्र बसून ठरवण्याच्या सवयीने. आणि आज गावापुढे जो पेच आहे, तो या सवयीच्या बाहेर राहिलेल्या एका प्रश्नाचा आहे.

पाणलोटाच्या कार्यक्रमाच्या अटीच तशा होत्या. गावाने श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, आणि कामावर गावाच्याच पाणलोट समितीने लक्ष ठेवायचे. चराईबंदी कागदावर सोपी दिसते. शेळ्या-मेंढ्यांवर ज्याचे घर चालते त्याला ती जड जाते, आणि एकाने जनावरे सोडली की बाकीच्यांचा संयमही टिकत नाही. त्यामुळे बांध घालण्याआधी गावाला एकमेकांची अडचण ऐकून घ्यावी लागली. पाणी आल्यावर खरपुडीच्या केंद्रात दर महिन्याला होणाऱ्या चर्चासत्रांचे मोल वाढले. द्राक्ष हे चुकीला माफी न देणारे पीक आहे. छाटणीची वेळ हुकली किंवा डाऊनी हा बुरशीजन्य रोग ओळखायला उशीर झाला, तर वर्षाचे उत्पन्न जाते. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी शेतकरी आणि शास्त्रज्ञ समोरासमोर बसतात, तेव्हा एकाचा अनुभव दुसऱ्याच्या बागेत वेळेवर पोचतो. एकट्या शेतकऱ्याला हे शिकायला किती हंगाम गमवावे लागले असते, याचा विचार करावा.

यावर पहिला आक्षेप असा की परदेशी निधी मिळाला तर कोणतेही गाव सुधारेल. पण निधी इतरत्रही आला. राज्याच्या जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च झाले, आणि भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम झाला नाही, असा निष्कर्ष महालेखापरीक्षकांनी २०२०च्या अहवालात काढला. अशा अभियानात यंत्राने नाला खोल करायला काही दिवस पुरतात. माथ्यावरची माती धरून ठेवायला मात्र गावाची संमती लागते, आणि ती निविदा काढून मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. कडवंचीत शेकडो शेततळी झाली. नाव शेततळे असले तरी प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्यातून पाणी जमिनीत मुरत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर विहिरीचे पाणी उपसून ते भरले जाते, काही बाष्प होऊन उडते आणि उरलेले एका मालकाच्या बागेला उन्हाळ्यात मिळते. पाणलोटातून सगळ्यांच्या श्रमाने मुरवलेले पाणी अशा रीतीने खासगी साठ्यात जाते, आणि ज्याला तळे परवडत नाही त्याची विहीर लवकर आटते. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी कडवंचीचाच अभ्यास करून दाखवले आहे की तळ्यांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की ती एकमेकांचेच पाणी ओढू लागतात. ही टीका मला पूर्ण पटते. पण तिच्यातून एकत्र बसण्याचे मोल कमी होत नाही. चराईबंदी कशी पाळायची, हे गावाने मिळून ठरवले. छाटणी कशी, हे मिळून शिकले. उपसा किती, हे मात्र ज्याच्या त्याच्या विहिरीवर सोडले. जिथे सामूहिक निर्णय थांबला, नेमकी तिथेच अडचण उभी राहिली. भूमिहीन मजुरांचा प्रश्नही याच रांगेतला आहे. विहीर आणि तळे नसलेल्याला पाण्याच्या वाटणीत आवाज मिळायचा तर तो ग्रामसभेतच मिळेल.

आता साधनांची उणीव राहिलेली नाही. २०१८मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पाने जालन्यासह अनेक जिल्ह्यांतल्या गावांना पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत दिली आहे. पाऊस किती पडला, मुरला किती, पिकांना लागणार किती, हे गाव स्वतः मोजू शकते. कडवंचीने आणि तिच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाने पावसाळा सरताच, नवी बाग लावण्याआधी आणि तळी भरायला मोटारी सुरू होण्याआधी, हा ताळेबंद ग्रामसभेत वाचावा आणि तळ्यांची व उपशाची मर्यादा तिथेच ठरवावी.