चोपण जमिनीची सुधारणा: जिप्सम, प्रेसमड आणि तुरटीचा गाळ

मातीचा सामू 8.5 च्या वर गेला आणि विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांपेक्षा जास्त झाले की जमीन चोपण ठरते. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुकपासून खाली दौंडकडे, भीमेच्या काठाने बेसाल्टपासून बनलेली काळी, भारी जमीन आढळते. हा पट्टा पर्जन्यछायेचा आहे. अशा जमिनीत उसाला सतत पाणी दिले आणि निचरा मंद राहिला की क्षार वर साठतात. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात व छिद्रे बुजतात. मग पावसात चिखल, उन्हात टणक ढेकळे आणि मुळांना हवेची टंचाई, अशी अवस्था होते.

यावरचे मुख्य भूसुधारक म्हणजे जिप्सम. शुद्ध जिप्सममध्ये सुमारे 23 टक्के कॅल्शियम आणि 18 टक्के गंधक असते. कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेले सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर वाहून जाते. मात्र त्याला जायला वाट हवी, म्हणून आधी चर काढून निचरा करावा लागतो. चुनखडीयुक्त जमिनीत गंधकही चालते. जिवाणू त्याचे आम्ल बनवतात आणि ते आम्ल मातीतलाच चुना विरघळवून कॅल्शियम मोकळे करते.

ऊस पट्ट्यात प्रेसमड सहज मिळते. रस स्वच्छ करताना उरणाऱ्या या गाळात सेंद्रिय पदार्थ आणि कॅल्शियम असते. एक टन उसामागे ते साधारण 30 ते 40 किलो निघते. कुजवून वापरल्यास मातीची घडण सुधारते.

जलशुद्धीकरण केंद्रातला तुरटीचा गाळ वेगळा. त्यात बारीक माती, सेंद्रिय अंश आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असते. तो स्फुरद घट्ट धरतो. स्फुरद वाहून जाणाऱ्या रेताड जमिनीत हा गुण उपयोगी पडतो. पण चुनखडीयुक्त काळ्या मातीत स्फुरद आधीच अडकलेले असते, तिथे पिकाची उपासमार वाढू शकते. शिवाय सामू 5.5 च्या खाली गेल्यास ॲल्युमिनियम मुळांना विषारी ठरते. सांडपाणी केंद्रातल्या गाळात नत्र-स्फुरद असले तरी रोगजंतू आणि जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय तो शेतात टाकू नये.

म्हणूनच माती परीक्षण आधी आणि भूसुधारक नंतर. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला चुना उपयोगी. चोपण जमिनीला जिप्सम. अहवालानुसार मात्रा ठरवून जिप्सम वरच्या थरात मिसळावे, पाणी देऊन क्षार धुवावेत आणि धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडावा.