गल्ल्यामागे ऑफिसची खोली हवी का?

सहा बाय आठ फुटांची खोली म्हणजे ४८ चौरस फूट. तेवढ्या जागेत चौघांचं एक टेबल, खुर्च्यांसकट, नीट बसतं. दुपारी आणि रात्री ते टेबल किती वेळा भरतं, हा हिशेब आधी करा. भाडं त्या जागेचंही भरायचंच असतं.

कायदा स्वतंत्र खोली मागत नाही. जीएसटीच्या वह्या मुख्य व्यवसायस्थळी ठेवाव्या लागतात, पण त्या संगणकावर चालतात. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने त्या जपायच्या. जीएसटी प्रमाणपत्र आणि एफएसएसएआयचा परवाना मात्र दर्शनी भागातच लावायचे, कपाटात नव्हे.

खोलीवाचून खरी अडचण होते ती माणसांची. आचाऱ्याला पगाराबद्दल बोलायचं असेल, पोऱ्याला समज द्यायची असेल, तर ते गिऱ्हाइकांसमोर होऊ नये. त्यासाठी दुपारी तीन ते सहाचा रिकामा वेळ पुरतो. रोकडीसाठी जमिनीत पक्की बसवलेली तिजोरी घ्या, आणि ती स्वयंपाकघराच्या ओलीपासून दूर ठेवा.

तीस-चाळीस खुर्च्यांच्या हॉटेलाला खोली नको. कुलूपबंद कपाट आणि लॅपटॉप पुरे. दुसरी शाखा किंवा मोठ्या ऑर्डरी सुरू झाल्या, तर वरच्या मजल्यावर स्वस्त जागा बघा.